जुन्या मालिकांतील आलिशान शववाहिका अचूक ओळखण्याची पद्धत

जुन्या अमेरिकी मालिकेतील शववाहिकेचे चित्र दाखवून ‘ही कोणती गाडी?’ असे विचारले, तर निम्म्याहून अधिक जण ‘१९५९ची कॅडिलॅक’ असे सांगून मोकळे होतात. मागच्या मडगार्डवर उभारलेले पत्र्याचे पंख दिसले की १९५९ आणि गाडी लांब व काळी असली की कॅडिलॅक, असा हा हिशेब असतो. पंख असलेल्या कॅडिलॅक १९४८ ते १९६४ या काळात निघत होत्या, आणि लांब काळी गाडी पॅकार्ड, ब्यूक, ओल्ड्समोबिल किंवा पाँटिअॅकचीही असू शकते. त्याहून मोठी चूक अशी, की गाडी कॅडिलॅक ठरली तरी उत्तर अर्धेच राहते.

ट्रकची चासी, म्हणजे चाके आणि इंजिन पेलणारा खालचा सांगाडा, एका कारखान्यातून येते आणि बॉडी दुसरीकडे बांधून घेतली जाते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकी शववाहिकेचेही तसेच होते. कॅडिलॅक कंपनी स्वतः शववाहिका बांधत नव्हती. ती इंजिन, पुढचा पत्रा आणि डॅशबोर्ड बसवलेली लांब व्यावसायिक चासी पाठवी, आणि त्यावरची बॉडी ओहायो, इलिनॉय किंवा इंडियानातील एखादा बॉडी बांधणारा कारखाना तयार करी. म्हणून प्रत्येक शववाहिकेची ओळख दोन नावांनी पूर्ण होते: चासी कोणाची व कोणत्या वर्षाची, आणि बॉडी कोणाची. या दोन प्रश्नांची उत्तरे गाडीच्या वेगवेगळ्या भागांत सापडतात, आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. पुढील पद्धत मुख्यतः १९५० ते १९७९ या काळातील अमेरिकी मालिकांसाठी आहे. ब्रिटिश गाड्यांसाठी शेवटाकडे स्वतंत्र टप्पा दिला आहे.

## पूर्वतयारी

ओळख चुकण्याचे मूळ बहुतेकदा वाईट चित्रात असते, त्यामुळे या कामात घाई करू नये. जुन्या मालिका ४:३ या चौकटीत चित्रित झालेल्या असतात, परंतु आज त्यांच्या अनेक प्रती रुंद पडदा भरण्यासाठी आडव्या ताणलेल्या मिळतात. अशा चित्रात गाडी असते त्यापेक्षा लांब आणि बुटकी दिसते, आणि शववाहिकेच्या बाबतीत लांबी हाच एक महत्त्वाचा पुरावा असल्याने पुढचे सगळे गणित बिघडते. गाडी बाजूने दिसत असलेले चित्र घेऊन चाके तपासावीत. चाक वर्तुळाकार नसून आडवे लंबगोल दिसत असेल, तर ते वर्तुळ होईपर्यंत चित्राची रुंदी कमी करावी आणि मगच पुढे जावे.

किमान तीन चित्रे हवीत: पुढचा कोपरा दिसणारे, पूर्ण बाजू दिसणारे आणि मागचा कोपरा दिसणारे. गाडी थांबलेली असेल तो क्षण निवडावा, कारण व्हिडिओफितीवरून उतरवलेल्या प्रतींत हलत्या वस्तूच्या कडा दातेरी होतात आणि दिव्यांचे व पट्ट्यांचे आकार फसवे दिसतात. प्रत्येक चित्रासोबत मालिकेचे नाव, भाग, मिनिट आणि भागाच्या पहिल्या प्रक्षेपणाची तारीख लिहावी. पुनःप्रक्षेपणाची तारीख उपयोगाची नाही.

शेवटी एका कागदावर ‘चासी’ आणि ‘बॉडी’ असे दोन रकाने आखावेत आणि दिसलेली प्रत्येक खूण त्यांपैकी एकाच रकान्यात लिहावी. हे शाळकरी वाटेल, पण अनुभवी माणसेही कागदाशिवाय याच ठिकाणी घसरतात.

इशारा: रंगावरून काहीही ठरवू नये. कृष्णधवल चित्रात काळा, गडद निळा आणि गडद तपकिरी सारखेच दिसतात, आणि रंगीत प्रतींचे रंग कालांतराने उतरलेले असतात.

## टप्पा १: ती शववाहिकाच आहे का, हे ठरवावे

त्या काळी शववाहिका आणि रुग्णवाहिका एकाच कारखान्यात, एकाच चासीवर आणि पुष्कळदा एकाच साच्यातून तयार होत. लहान गावांतील अंत्यविधी संस्था रुग्णवाहिकेची सेवाही देत असत आणि त्यासाठी दुहेरी उपयोगाची गाडी घेत. अशा गाडीत शवपेटी सरकवण्यासाठी जमिनीत बसवलेले रूळ उलटून सपाट करता येत, छतावरचा दिवा काढता येत असे, आणि मागच्या खिडकीवरचा झाकणारा पत्राही उतरवता येत असे. त्यामुळे छतावर दिवा आहे म्हणून ती रुग्णवाहिकाच, किंवा शवपेटी आत आहे म्हणून ती शववाहिकाच, असे ठामपणे म्हणता येत नाही. १९७०च्या दशकात रुग्णवाहिकांसाठी कडक सरकारी मानके आल्यावर ही दुहेरी गाडी नाहीशी झाली.

आणखी दोन प्रकार लक्षात ठेवावेत. मागचा भाग उघडा व बसका असलेली, पिकअपसारखी दिसणारी गाडी ही अंत्ययात्रेत पुढे फुले नेणारी गाडी असते. मागे खिडक्याच नसलेली साधी गाडी ही मृतदेह रुग्णालयातून किंवा घरातून आणण्यासाठी वापरली जाई.

काही गाड्या तर खऱ्या शववाहिका नसतातच. ‘द मन्स्टर्स’ या १९६४ ते १९६६ मध्ये दाखवल्या गेलेल्या मालिकेतील कुटुंबाची गाडी पुष्कळ जण प्राचीन शववाहिका समजतात. ती प्रत्यक्षात १९६४ मध्ये जॉर्ज बॅरिस यांच्या कार्यशाळेत फोर्ड मॉडेल टीच्या तीन बॉड्या जोडून मालिकेसाठी बनवलेली गाडी होती. अशा गाडीची चासी आणि वर्ष शोधत बसणे व्यर्थ आहे.

तपासणी: मागच्या भागात पडदे किंवा मोठ्या काचा किंवा पूर्ण बंद पत्रा, मागे रुंद दरवाजा, आणि आत रूळ किंवा पेटी ठेवण्याचा ओटा, यांपैकी किमान दोन गोष्टी दिसत असतील तरच पुढे जावे.

## टप्पा २: पुढच्या भागावरून चासीची कंपनी ओळखावी

बॉनेट, ग्रिल, पुढचे मडगार्ड, हेडलाइट आणि बंपर हे सर्व मोटार कंपनीचे असते, म्हणून कंपनी ठरवण्यासाठी फक्त इथेच पाहावे. कॅडिलॅकची चौकडीची ग्रिल आणि बॉनेटवरचे चिन्ह बहुतेकांना ओळखता येते. पॅकार्डच्या चाकाच्या टोपीच्या मध्यभागी षट्कोन असतो. तो मुळात लाल रंगाचा असला तरी कृष्णधवल चित्रातही त्याचा आकार कळतो. १९४९ पासून ब्यूकच्या पुढच्या मडगार्डवर तीन किंवा चार गोल भोके एका रांगेत दिसतात. १९५८ आणि १९५९ या दोन वर्षांच्या ब्यूकवर मात्र ती नव्हती, आणि नेमक्या या दोन वर्षांच्या ब्यूक शववाहिका कॅडिलॅक म्हणून खपवल्या जातात.

इशारा: एकावर एक रचलेले हेडलाइट दिसले की लगेच कॅडिलॅक म्हणू नये. मोठ्या पाँटिअॅक गाड्यांना ते १९६३ ते १९६७ या वर्षांत होते, आणि पाँटिअॅकच्या चासीवर शववाहिका व रुग्णवाहिका मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या.

## टप्पा ३: चासीचे वर्ष निश्चित करावे

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, कारण वर्ष चुकले तर बॉडी बांधणाऱ्याचे नावही जवळजवळ निश्चितच चुकते. कॅडिलॅकपुरत्या खुणा पुढीलप्रमाणे तपासाव्यात, आणि क्रम असाच ठेवावा: आधी हेडलाइट, मग मागचे पंख, मग बंपर आणि बाजूचे दिवे.

प्रत्येक बाजूला एकच हेडलाइट असेल तर गाडी १९५७ किंवा त्यापूर्वीची आहे, कारण १९५८ पासून कॅडिलॅकच्या सर्व गाड्यांना चार हेडलाइट आले. एकच हेडलाइट असलेल्या गाडीची पुढची काच पाहावी. ती दोन्ही बाजूंना वळून दाराकडे आलेली असेल, तर गाडी १९५४ ते १९५७ या काळातील आहे. काच तशी वळलेली नसेल तर गाडी १९५४ पूर्वीची आहे.

चार हेडलाइट शेजारी शेजारी असतील तर मागचे पंख पाहावेत. १९५९चे पंख सर्वांत उंच असून प्रत्येक पंखाच्या मध्यातून दोन टोकदार दिवे बाहेर आलेले असतात. हे दोन दिवे दिसले नाहीत, तर पंख कितीही उंच वाटोत, ती १९५९ची गाडी नाही. १९६० मध्ये पंख खाली आले आणि हे टोकदार दिवे गेले. त्यानंतर वर्षागणिक पंख बसके होत जाऊन १९६४ मध्ये ते शेवटचे दिसले. १९६५ ते १९६८ या काळात हेडलाइट एकावर एक होते. १९६९ मध्ये ते पुन्हा आडवे झाले आणि १९७१ पासून प्रत्येक बाजूच्या दोन दिव्यांमध्ये ठळक जागा सोडलेली दिसते. १९७३ पासून पुढे आणि १९७४ पासून मागेही धक्का सहन करणारे जाडजूड बंपर सक्तीमुळे आले. १९७५ पासून हेडलाइट आयताकृती झाले. १९७७ मध्ये तर संपूर्ण गाडीच आखूड करण्यात आली.

सरकारी नियमांच्या खुणाही उपयोगी पडतात. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या चारही कोपऱ्यांवर बाजूने दिसणारे छोटे दिवे किंवा परावर्तक बंधनकारक झाले, आणि १९७० पासून दोन्ही. पुढचे वळणदर्शक दिवे पांढऱ्याऐवजी पिवळे झाले ते १९६३च्या मॉडेलपासून. रंगीत प्रतीत हे शेवटचे लक्षण पटकन दिसते, पण दिवा पेटलेला नसताना ते तपासावे.

येथे दोन सापळे आहेत. पहिला असा, की लांब गाड्या नेहमीच्या गाड्यांबरोबर बदलतातच असे नाही. १९४८ मध्ये कॅडिलॅकच्या इतर गाड्यांना पंख आले तरी ‘सीरीज ७५’ नावाची लांब लिमोझिन १९४९ पर्यंत जुन्याच रूपात निघत होती. म्हणून सेडानच्या, म्हणजे नेहमीच्या प्रवासी गाडीच्या, माहितीपत्रकाशी तुलना न करता, शक्यतो त्याच वर्षाच्या व्यावसायिक चासीच्या छायाचित्राशी तुलना करावी. दुसरा सापळा मॉडेल वर्षाचा आहे. अमेरिकेत पुढच्या वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत बाजारात येते, त्यामुळे नोव्हेंबर १९६३ मध्ये चित्रित झालेली गाडी १९६४ची असू शकते. याचे सर्वांना पाहता येणारे उदाहरण बातम्यांच्या चित्रणात आहे: २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांचा मृतदेह रुग्णालयातून विमानतळावर नेणारी गाडी १९६४च्या कॅडिलॅक चासीवरील होती आणि तिची बॉडी मिलर-मीटिअरची होती. त्याच रात्री वॉशिंग्टनजवळच्या विमानतळावर शवपेटी ज्या गाडीत ठेवली गेली, ती मात्र नौदलाची पाँटिअॅक रुग्णवाहिका होती. या दोन चित्रणांवर पहिले तीन टप्पे करून पाहिले, तर सराव चांगला होतो.

तपासणी: ठरवलेले वर्ष पहिल्या प्रक्षेपणाच्या वर्षानंतर एकाहून अधिक येत असेल, तर कुठेतरी चूक आहे. उलट, गाडी भागापेक्षा सात-आठ वर्षे जुनी निघाली तर त्यात आश्चर्य नाही. चित्रीकरणासाठी वापरलेली स्वस्त शववाहिका भाड्याने किंवा विकत घेतली जाई, आणि कड्यावरून ढकलायची असेल तर आणखी जुनी.

## टप्पा ४: लांबी मोजावी

बाजूने घेतलेल्या, दुरुस्त केलेल्या चित्रात पुढच्या आणि मागच्या चाकाच्या केंद्रांमधील अंतर मोजावे आणि त्याला टायरच्या बाहेरील व्यासाने भागावे. त्याच वर्षाच्या सेडानच्या चित्रावरही हेच करावे. १९५९च्या नेहमीच्या कॅडिलॅकमध्ये हे अंतर १३० इंच होते, तर व्यावसायिक चासीत सुमारे १५६ इंच, म्हणजे सेडानच्या सव्वापटीपेक्षा थोडे कमी. आपले गुणोत्तर सेडानइतकेच आले, तर ती लांब चासी नसून नेहमीच्या गाडीची कापून-जोडून केलेली स्वस्त शववाहिका असण्याची शक्यता आहे. १९७७ नंतरच्या कॅडिलॅक चासीत हे अंतर सुमारे १४४ इंचांवर आले, हे त्या काळातील गाड्यांसाठी लक्षात ठेवावे.

इशारा: गाडी किंचित तिरपी असली तरी हे माप निरुपयोगी ठरते. शुद्ध बाजू दिसत नसेल तर हा टप्पा सोडून द्यावा. अंदाजे आकडा लिहू नये.

## टप्पा ५: बॉडीचा प्रकार लिहावा

आता कागदावरील दुसऱ्या रकान्याकडे वळावे, आणि येथून पुढे गाडीचा पुढचा भाग बोटाने झाकून पाहावा. मागच्या बाजूला लांब काचा आणि आत पडदे असतील तर ती लिमोझिन पद्धतीची बॉडी. मागचा कोपरा बंद असून त्यावर एस अक्षराच्या आकाराची धातूची पट्टी असेल तर ती लँडाऊ पद्धतीची. काचांऐवजी लाकडात कोरलेल्या पडद्यांचे जड पत्रे दिसत असतील, तर बॉडी बहुधा १९३० किंवा १९४०च्या दशकातील आहे.

नंतर पेटी कुठून आत जाते ते पाहावे. बहुतेक गाड्यांत ती मागून जाते. काही महागड्या गाड्यांत ती दोन्ही बाजूंनीही आत घेता येत असे, आणि अशा गाडीत मागचा बाजूचा दरवाजा विलक्षण रुंद असतो. बिजागऱ्या दिसत असतील तर त्या दरवाजाच्या कोणत्या कडेला आहेत, हे नोंदवावे.

इशारा: दुहेरी उपयोगाच्या गाडीवरील लँडाऊ पत्रा, म्हणजे मागची खिडकी झाकणारा पत्रा, काढता येतो, हे पहिल्या टप्प्यात आले आहे. त्यामुळे एकाच मालिकेत एका भागात लँडाऊ आणि दुसऱ्या भागात लिमोझिन दिसली, तर त्या दोन गाड्या आहेत असे गृहीत धरू नये. छताचा उतार आणि पट्ट्यांच्या जागा जुळतात का ते पाहावे.

## टप्पा ६: बॉडी बांधणारा कारखाना शोधावा

प्रथम वगळण्याचे काम करावे, कारण ते सोपे आणि खात्रीचे आहे. इलिनॉयमधील फ्रीपोर्टच्या हेन्नी कंपनीने १९५४ नंतर शववाहिका बांधल्या नाहीत, आणि पॅकार्ड शववाहिकांवर तिचेच वर्चस्व होते. ओहायोतील लाउडनव्हिलच्या फ्लेक्सिबल कंपनीच्या शववाहिका ब्यूक चासीवर असत. इलिनॉयमधील रॉक फॉल्सची युरेका कंपनी १९६४ मध्ये बंद झाली, त्यामुळे १९६७च्या चासीवर युरेकाचे नाव लावणे अशक्य आहे. आर्कान्सातील ब्लायदव्हिलची कॉटनर-बेव्हिंग्टन ओल्ड्समोबिलच्या चासीवर बांधत असे. ओहायोतील लायमाची सुपीरिअर कंपनी कॅडिलॅक आणि पाँटिअॅक या दोन्ही चासींवर, तर सिनसिनॅटीच्या हेस अँड आयझेनहार्टची एस अँड एस ही बॉडी प्रामुख्याने कॅडिलॅकवर आढळते.

सर्वांत जास्त चुका मिलर-मीटिअर या नावाबाबत होतात. ए. जे. मिलर आणि मीटिअर या दोन वेगळ्या कंपन्या होत्या आणि त्या १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एकत्र आल्या. म्हणून १९५४च्या गाडीला मिलर-मीटिअर म्हणणे चुकीचे आहे. ती एक तर मिलरची किंवा मीटिअरची असेल. या जोडनावाच्या गाड्या १९७९ पर्यंत मिळतात.

उरलेल्या दोन-तीन नावांमधून निवड करताना पुढच्या काचेच्या मागचा भागच पाहावा. छताच्या कडेची पन्हाळ कुठे वळते, बाजूच्या खिडक्यांमधील खांब उभा आहे की कलता, मागच्या दरवाजाची काच सरळ कडांची आहे की वरून गोलाकार, आणि लँडाऊ पट्टीच्या मध्यभागी काही चिन्ह आहे का, या चार गोष्टी त्याच वर्षाच्या त्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांशी शेजारी ठेवून ताडाव्यात. कारखान्याच्या नावाची छोटी पट्टी बॉडीच्या खालच्या भागावर किंवा दाराच्या उंबऱ्यावर असू शकते, आणि दार उघडण्याच्या दृश्यात ती क्षणभर दिसते. अशी दृश्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावीत.

वर्ष आधी निश्चित न करता थेट छताच्या आकारावरून कारखाना ठरवणे, ही येथील नेहमीची घोडचूक आहे. प्रत्येक कारखाना दर काही वर्षांनी आकार बदलत असे आणि चांगला आकार दिसला की दुसरेही तो उचलत.

## टप्पा ७: गाडी ब्रिटिश असेल तर

ब्रिटिश शववाहिकेत सहसा सर्व बाजूंनी उंच काचा असतात आणि शवपेटी बाहेरून पूर्ण दिसते, त्यामुळे ती पटकन वेगळी कळते. रोल्स-रॉइसची देवळाच्या दर्शनी भागासारखी उभी ग्रिल आणि डेमलरच्या ग्रिलच्या वरच्या कडेवरील खोबणी यांत गल्लत करू नये. १९६८ ते १९९२ या काळातील मालिकांत डेमलर डीएस४२० सर्वाधिक आढळते, तर त्याआधीच्या मालिकांत ऑस्टिन प्रिन्सेस आणि पुढे व्हॅनडन प्लास प्रिन्सेस या नावाने निघालेल्या गाड्या.

येथे बॉडी चासीपेक्षा कितीतरी नवी असू शकते, कारण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक रोल्स-रॉइस लिमोझिनची मूळ बॉडी नंतर उतरवून त्या चासीवर शववाहिकेची बॉडी बांधली गेली. म्हणून दोन्ही रकान्यांत वेगवेगळी वर्षे लिहिण्याची तयारी ठेवावी. नंबरच्या शेवटी एकच अक्षर असेल, तर ते नोंदणीचे वर्ष सांगते: सी म्हणजे १९६५, डी म्हणजे १९६६. परंतु अंत्यविधी संस्था वर्ष न दाखवणारे जुने क्रमांक आवडीने वापरत, त्यामुळे अक्षर नसणे हा जुनेपणाचा पुरावा नाही.

## टप्पा ८: नंबर प्लेट आणि दृश्यांतील बदल ताडून निष्कर्ष लिहावा

लॉस एंजेलिसमध्ये चित्रित झालेल्या मालिकांत कॅलिफोर्नियाच्या प्लेट दिसतात. १९५६ पासून त्या पिवळ्यावर काळ्या, १९६३ पासून काळ्यावर पिवळ्या आणि १९६९ पासून निळ्यावर पिवळ्या अक्षरांच्या देण्यात आल्या. जुनी प्लेट गाडीवर तशीच राहू शकते, आणि चित्रीकरणासाठी खोट्या प्लेटही लावल्या जात, म्हणून हा दुय्यम पुरावा समजावा.

एकाच दृश्यातील सर्व चित्रांत तीच गाडी आहे का, हेही पाहावे. जवळच्या चित्रात एक शववाहिका, लांबून जाणाऱ्या जुन्या साठ्यातील चित्रात दुसरी आणि अपघातात तिसरी, असे त्या काळी सर्रास होई. चाकाच्या टोप्या आणि बाजूची धातूची पट्टी यांत फरक दिसला, तर गाड्या वेगळ्या नोंदवाव्यात.

शेवटी निष्कर्ष या क्रमाने लिहावा: चासीचे वर्ष, चासीची कंपनी, बॉडीचा कारखाना, बॉडीचा प्रकार, पेटी भरण्याची बाजू, आणि प्रत्येक बाबीपुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘अनिर्णित’ यांपैकी एक शब्द. ‘१९६४ कॅडिलॅक व्यावसायिक चासी, निश्चित; बॉडी सुपीरिअर किंवा मिलर-मीटिअर, अनिर्णित; लिमोझिन पद्धत, निश्चित; मागून भरणारी, संभाव्य’ अशी नोंद, एकाच ठाम पण चुकीच्या नावापेक्षा पुढच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते. तिच्यासोबत तिन्ही चित्रे, भागाचे नाव आणि मिनिट जोडावे, म्हणजे अधिक स्पष्ट प्रत हाती आलेल्या कोणालाही फक्त अनिर्णित बाबीच पुन्हा तपासाव्या लागतील.